चिठ्ठीवरचं नाव

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्यांचं नाव पत्रिकेवर आहे, माझ्या मागच्या पडद्यावरही आहे. मी त्यांना आयुष्यभर ‘सर’ म्हणत आले, आजही तेवढंच म्हणेन. सर आपल्या गावच्या महाविद्यालयात एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवत होते, आणि इतिहासाचे प्राध्यापक रजेवर गेले की इतिहासही. दोन्ही विषय कसे जमतात असं कुणी विचारलं की म्हणायचे, “विषय एकच आहे हो. एकाच्या मागं निवडणूक आयोग लागलाय, दुसऱ्याच्या मागं वाळवी.”

वाचनालयाच्या सचिवांनी फोनवर मला विषय सुचवला होता, ‘विद्यापीठीय जीवनाचे संस्कार’. संस्कार म्हटलं की मला मुंजीची पत्रिका आठवते, म्हणून मी तो बदलून घेतला. मी बोलणार आहे ते पुणे विद्यापीठातल्या दोन विभागांबद्दल. एक राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग, जिथं मी 1998 ते 2000 अशी दोन वर्षं होते. दुसरा इतिहास विभाग, जिथं माझी मैत्रीण होती. आणि मग तिथून बाहेर पडल्यावर आमचं काय झालं, त्याबद्दल. विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव 2014 साली मिळालं. आमच्या गुणपत्रिकांवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ आहे, म्हणून मीही तसंच म्हणते.

गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. उंच मनोऱ्याची, पुढं हिरवळ. ती मूळची मुंबईच्या गव्हर्नरची, 1864 ते 1871 या काळात बांधलेली. 22 जून 1897च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी तिथंच झाली, आणि ती आटोपून बग्गीतून परतणाऱ्या रँडवर वाटेत गोळी झाडली गेली. मागच्या बग्गीतला आयर्स्ट लगेच गेला, रँड 3 जुलैला. ‘चापेकर बंधू’ हा शाळेतला धडा. पण शिवाजीनगरहून बसनं आपण येतो-जातो तोच तो रस्ता, हे कळलं तेव्हा मी उत्साहानं शेजारच्या मुलीला सांगितलं. ती कॉम्प्युटर सायन्सची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेव्हाही इथं इतकंच ट्रॅफिक असायचं का गं?” मला त्या प्रश्नाचा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न वाईट नव्हता. बग्ग्या रांगेनं निघाल्या होत्या म्हणूनच तर कुणाची बग्गी कुठली, ते ओळखायची पंचाईत होती.

मी राहायचे वसतिगृहात, पण खोली माझी नव्हती. तिथल्या भाषेत मी ‘पॅरासाइट’ होते. खोली मैत्रिणीच्या नावावर, माझी गादी खाली जमिनीवर, आणि रेक्टर बाईंची फेरी आली की मी ‘नोट्स न्यायला आलेली वर्गमैत्रीण’. पहिले सहा महिने असे काढले. यादीत नाव नसलेलं माणूस कसं वावरतं, दाराशी पावलं वाजली की कसं आवरून बसतं, ते मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुलांच्या वसतिगृहात तर एकेका खोलीत चार-चार जण असत. त्यातले बरेच ‘कमवा व शिका’ योजनेत सकाळी बागेत पाणी घालून, दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावून मग वर्गात यायचे.

वर्गात निम्मे आम्ही मराठी माध्यमाचे. पुस्तकं इंग्रजी, चर्चा मराठीत, आणि टिपणं या दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत. व्होरा आणि पळशीकर यांचा ‘राज्यशास्त्र कोश’ जयकर ग्रंथालयात सदा कुणाच्या तरी हातात असायचा. ‘हेजेमनी’ला धुरीणत्व म्हणतात एवढं कळलं होतं, पण धुरीणत्व म्हणजे काय, यावर एकदा कँटीनमध्ये चहाचे दोन राउंड होईपर्यंत भांडलो. शेवटी लातूरकडचा एक मित्र म्हणाला, “पाटलाला न विचारता गाव त्याच्या मनासारखं वागतं ना, ते धुरीणत्व. विचारून वागलं तर तो नुसता धाक.” इतकी चोख व्याख्या मला नंतर छापील पानावर सापडली नाही. हा मित्र लेखी परीक्षेत मात्र जेमतेम पास व्हायचा.

एक गंमत सांगते. आम्ही दोन वर्षं मतदार या प्राण्याचा अभ्यास करत होतो, आणि आमच्या विद्यापीठात आम्हालाच मत नव्हतं. 1994च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गप्रतिनिधी निवडून येईनासा झाला, तो गुणांवर ठरू लागला. पहिला येणारा मुलगा आपोआप आमचा पुढारी. तो बिचारा लाजून कुणाशी बोलायचा नाही. 2016च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, कागदावर. ‘कागदावर’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पुण्याच्या या विभागाला मतदारांच्या दारात जायची जुनी खोड. वि. म. सिरसीकरांनी 1962च्या निवडणुकीत पुण्यात मतदारांचा अभ्यास केला, त्यावर पुस्तक लिहिलं. निवडणूक म्हणजे पुढाऱ्यांची भाषणं असं समजायच्या दिवसांत हे गृहस्थ मतदाराला भेटून विचारत होते. आमच्या वेळेपर्यंत त्या खोडीची पद्धत झाली होती. दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ या संशोधन संस्थेचा राष्ट्रीय निवडणूक अभ्यास निघायचा, आणि महाराष्ट्रातलं काम विभागाकडे असे. गावोगाव फिरायला मुलं कुठली? आम्हीच.

1999 साल आठवा. जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी झाली, सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकदम. हात का घड्याळ, यावरून घराघरात कुजबुज. मतदान झालं आणि आम्हाला एस.टी.चे पैसे, प्रश्नावल्यांचा गठ्ठा, एक छोटी पेटी आणि चिठ्ठ्या मिळाल्या. चिठ्ठी म्हणजे मतदारयादीतून ठरावीक अंतरानं उचललेलं एक नाव. यादीतला क्रमांक, घर क्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. निघताना एकच नियम पुन्हा पुन्हा बजावला गेला. चिठ्ठीवर जे नाव आहे, त्याच माणसाशी बोलायचं. ते भेटलं नाही तर पुन्हा जायचं. शेजारचा चालणार नाही, भाऊ चालणार नाही, गावातला हुशार माणूस तर अजिबात चालणार नाही.

हा नियम ऐकायला सोपा वाटतो. तुम्ही गावात उतरता तेव्हा बोलायला उत्सुक असलेली माणसं आधीच पारावर बसलेली असतात. त्यांना सगळं माहीत असतं. जुन्नरच्या बाजूच्या एका गावात माझ्या चिठ्ठीवर एका बाईंचं नाव होतं, वय 41. घरी गेले. नवऱ्यानं खाट टाकली, चहा सांगितला, आणि म्हणाला, “तिला काय कळतंय? मला इचारा.” मी चहा प्याले आणि विचारलं, त्या कुठं आहेत. भुईमूग काढायला गेल्या होत्या. ओढ्यापलीकडं शेत. मी गेले, नवराही मागोमाग आला आणि बांधावर बसून राहिला.

बाईंनी हात थांबवले नाहीत. वेल उपटायचा, माती झटकायची, शेंगा तोडून पाटीत टाकायच्या, आणि तोंडानं उत्तर द्यायचं. अर्ध्याहून जास्त प्रश्नांना त्या “न्हाई बा ठावं” म्हणाल्या. मला घाम फुटला, वाटलं फॉर्म वाया गेला. मग तो प्रश्न आला, मत कुणाला द्यायचं हे ठरवताना कुणाचा सल्ला घेतला? त्यांनी एकदा बांधाकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “सल्ला समदेच देत्यात. शिक्का मला मारायचा अस्तो.” शेवटी नमुन्याच्या मतपत्रिका द्यायच्या असत, त्यावर खूण करून उत्तर देणाऱ्यानं स्वतः पेटीत टाकायच्या, आम्ही बघायचं नाही. त्यांनी दोन्ही कागद घेतले, बांधाकडं पाठ केली, पदराआड खुणा केल्या, चार-चार घड्या घातल्या आणि पेटीत सारल्या. मग पाटी उचलायला मला हात लावायला सांगितलं.

परत आल्यावर विभागात फॉर्म तपासले जात. आमच्यातल्या एकाचे फॉर्म फार सुंदर होते, एकही रकाना मोकळा नाही, प्रत्येक प्रश्नाला मत. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी दोन पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, “हिच्या नवऱ्यानं सांगितलं ना?” तो गडबडला. कसं ओळखलंत म्हणाला. ते म्हणाले, “इतक्या प्रश्नांत एकदाही ‘माहीत नाही’ न म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. पुरुष तेवढे तसं बोलतात.” त्याला स्वखर्चानं परत पाठवलं. ‘माहीत नाही’ या उत्तराला प्रश्नावलीत स्वतःचा रकाना होता, स्वतःचा अंक होता. हे मला त्या दिवशी दिसलं. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकेत असा रकाना सहसा नसतो, उलट चुकीला गुण कापतात. आमच्या वर्गातले निम्मे पुढं त्याच परीक्षांच्या मांडवात गेले. त्यांना मी दोष देत नाही. सकाळी अभ्यासिका उघडायच्या आत दाराशी दप्तरं रांगेत लावून जागा धरणारी मुलं मी पाहिलीत, त्यात मीही एक वर्ष होते.

मैत्रिणीचा इतिहास विभाग वेगळाच होता. तिथं माणसं भेटत नसत, रुमाल भेटत. पुण्यातल्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, हजारो रुमाल. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इंग्रजांनी हे दफ्तर कितीतरी वर्षं आपल्या संशोधकांना मोकळं केलं नव्हतं. 1930 नंतर रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड निघाले, तेव्हा बाहेरच्या वाचकाला आत काय आहे ते दिसू लागलं. त्यातही लढाया, वकिलांची पत्रं, राजकारण यांना पहिला मान. गावाचा हिशेब, वतनाचं भांडण, कुणी किती दाणे दिले, याकडं बघायला पुढं अ. रा. कुलकर्ण्यांसारखे लोक यावे लागले. मैत्रीण त्यांचं ‘शिवकालीन महाराष्ट्र’ उशाशी घेऊन झोपायची. पॅरासाइट म्हणून मी तिच्या खाटेलगतच्या फरशीवर असल्यामुळं रात्री ते पुस्तक दोनदा माझ्या तोंडावर पडलं आहे.

मोडी ती चिकाटीनं शिकली. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची, हात न उचलता. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं, एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला. एके दिवशी ती दफ्तरातून आली आणि जेवलीच नाही. कुणबिणींच्या खरेदीची नोंद वाचली होती. पेशवाईत विकत घेतल्या-दिल्या जाणाऱ्या दासीला कुणबीण म्हणत, हे आम्हाला पुस्तकी माहीत होतं. पण तिनं वाचलं ते नाव होतं. नाव, आणि त्याच ओळीत किंमत. “सरदारांची पत्रंच्या पत्रं,” ती म्हणाली, “आणि हिची अर्धी ओळ. चिठ्ठीच की ती.”

तेव्हापासून आमच्या दोघींच्यात तो शब्द राहिला. पुढं मी वर्तमानपत्रात गेले. निवडणुकीच्या धामधुमीत एखाद्या वार्ताहरानं ‘मतदारांत नाराजी’ अशी बातमी धाडली की मी विचारते, चिठ्ठीवर नाव कुणाचं होतं? नव्या मुलांना हा प्रश्न कळत नाही. चौकातल्या पानवाल्याशी बोललो, ते म्हणतात.

विभागातून बाहेर पडल्यावर आम्ही कुठं कुठं विखुरलो ते सांगते. दोन उपजिल्हाधिकारी, एक पोलीस खात्यात, तीन जण शाळेत, दोघं पक्षांच्या कार्यालयात भाषणं लिहितात, एकानं घरची द्राक्षबाग सांभाळली, आणि बरेच जण ‘तासिका तत्त्वावर’. हा शब्द या सभागृहात अनेकांना समजावून सांगायची गरज नाही. सेट-नेट झालेलं, कुणाकुणाचं पीएच.डी. झालेलं, वय पंचेचाळीस, आणि हिशेब तासाचा. सुट्टीत तास नाहीत म्हणून पगार नाही, आणि तासांचे पैसेही हातात यायला दोन-दोन महिने. काही वर्षांपूर्वी आमच्या तुकडीनं स्नेहमेळावा घेतला. आयोजन आम्हीच केलं होतं, म्हणून दोषही आमचाच. व्यासपीठावर कोण? उपजिल्हाधिकारी. शाल कुणाला? पोलीस अधिकाऱ्याला. बाईचा फॉर्म नवऱ्याकडून भरून आणणारा तो मित्र माझ्या शेजारी बसला होता. तो वाकून म्हणाला, “पारावरचीच माणसं गाठली की आपण.”

लातूरकडचा, धुरीणत्ववाला मित्र त्या दिवशी आलाच नव्हता. दोन महाविद्यालयांत तास घेतो, दोन्हीकडची रजा जमली नाही.

माजी विद्यार्थ्याला विद्यापीठ विसरत नाही असं म्हणतात, ते एका अर्थी खरं आहे. अधिसभेच्या निवडणुका आल्या की नोंदणीकृत पदवीधर म्हणून आपली आठवण होते. अधिसभेत आपले दहा प्रतिनिधी असतात. विधान परिषदेतही पदवीधरांच्या सात जागा आहेत, 78 पैकी. पण त्या मतदारयादीची मौज अशी की ती प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. नेहमीच्या यादीत नाव एकदा गेलं की राहतं, इथं नमुना 18 पुन्हा भरावा लागतो. पदवी तीच, प्रमाणपत्र तेच, नाव मात्र दर खेपेला नव्यानं घालायचं. मग इच्छुक उमेदवाराची माणसं घरी येतात, झेरॉक्स काढून नेतात, ‘तुम्ही फक्त सही करा’ म्हणतात. मी राज्यशास्त्राची पदव्युत्तर, आणि दोन वेळा मी नुसती सही केली आहे. लाज वाटते, पण सांगून टाकलं.

आता 2023. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती होती, मग सगळ्या राज्यासाठी झाली. जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, कोतवाल बुकं, शाळांची जुनी दाखलखारीज रजिस्टरं, सगळी माळ्यावरून खाली आली. त्यातली किती तरी मोडीत. आणि एकाएकी तहसील कचेऱ्यांना कळलं की मोडी वाचणारं माणूस हवंय. माझ्या मैत्रिणीला फोन आला. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणारी बाई, एका आठवड्यात ‘मॅडम’ झाली. कुठल्या तहसिलीत ते सांगत नाही.

सकाळी नऊला टेबलापुढं रांग लागायची. लोक घरातले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणत. कुणाच्या पोराचा प्रवेश अडलेला, कुणाची भरती. ती सांगत होती, जातीच्या रकान्यात कुठं ‘कु.’ एवढंच असतं. ते जातीच्या रकान्यात आहे का नावाच्या आधी, त्याच लेखकानं वरच्या ओळीत पूर्ण शब्द कसा लिहिलाय, हे पाहिल्याशिवाय बोलता येत नाही. रांगेतल्या माणसाला हे कसं सांगायचं? त्याला पुढच्या आठवड्यात फॉर्म भरायचाय. शेजारचा कारकून म्हणायचा, “मॅडम, द्या की हो लिहून, तुमचं काय जातंय?” तिनं जे वाचता आलं ते लिहून दिलं, जे नाही आलं त्यापुढं ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

एक गृहस्थ आले. घराण्यातला जुना कागद, रेशमी फडक्यात. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं की यात ‘कुणबी’ शब्द आहे. चेहऱ्यावर नुसता आनंद. तिनं कागद उजेडात धरला, दोनदा वाचला. शब्द होता. पण तो ‘कुणबी’ नव्हता, ‘कुणबीण’ होता. जातीची नोंद नव्हती, खरेदीचा कागद होता, आणि विकत घेणारे यांचेच पूर्वज. तिनं त्यांना बाजूला बसवून सावकाश समजावलं. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग तिनं विचारलं, “तिचं नाव आहे यात. वाचून दाखवू?” त्यांनी कागद घडी करून फडक्यात ठेवला. गाठ मारता येईना, तेव्हा तिनंच मारून दिली, रुमालाची मारतात तशी.

सरांबद्दल मी अजून काहीच बोलले नाही, असं सरांच्या पत्नींना, काकूंना, वाटत असेल. सरही पुण्याच्या त्याच विभागाचे. ते कुठल्या पाहणीला गेले होते, त्यांच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव होतं, मी कधी विचारलं नाही. जुन्नरचा प्रसंग त्यांना पत्रातून कळवला तेव्हा कार्डावर एकच ओळ आली होती, “शेंगा आणल्यास का?”

1998च्या जूनमध्ये बी.ए.चा निकाल लागला आणि सर आमच्या घरी आले, विद्यापीठाचा प्रवेश अर्ज घेऊन. वडील नव्हते. थोरले चुलते ओसरीवर बसले होते, सरांशी बोलायचं काम त्यांचंच. पुण्याला राहायचं कुठं, खर्च किती, मुलीच्या जातीला इतकं शिकून करायचं काय, सगळं त्यांनीच विचारलं आणि उत्तरंही त्यांनीच दिली. मी आत भांडी घासत ऐकत होते. सर त्यांना उलट बोलले नाहीत. चहा झाला. मग त्यांनी अर्ज काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, “आबा, तुमचं सगळं खरं. पण या अर्जावर नाव तिचं आहे. तिला बोलवा.” आबा म्हणाले, “सही मी करतो की.” सर म्हणाले, “पालकाची जागा खाली आहे, ती तुमची. ही वरची तिची.”

आईनं स्टोव्ह बंद केला. मी ओल्या हातानंच बाहेर आले, पेन घेतलं, आणि नावाचं पहिलं अक्षर पाण्यानं फुटलं. नवा अर्ज आणायला पुण्याला जावं लागलं असतं, म्हणून सरांनी तो तसाच भरून पाठवला.